सही करण्याआधी



गेल्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत एक क्लिपबोर्ड फिरत होता, तो आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. आम्ही दोघे त्या दिवशी मसालेभाताच्या ट्रेमागे उभे होतो, त्यामुळे सगळा कारभार समोरच दिसत होता. कागद इंग्रजीत होता. गावाने झोनिंग बदलून, रिकाम्या पडलेल्या ऑफिस पार्कच्या जागी अपार्टमेंट आणि टाउनहाऊस बांधू देऊ नयेत, असा त्याचा मथितार्थ. भुकेल्या माणसापुढे कोणताही कागद केला तरी तो सही करून रांगेत पुढे सरकतो, हे आम्ही त्या दिवशी पाहिले. सह्या करणाऱ्यांत तीन गावे पलीकडे राहणारे लोक होते. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या एका आजोबांनीही, सून म्हणाली म्हणून, वळणदार मराठीत सही ठोकली.

क्लिपबोर्ड आणला होता आमच्या काकांनी. काका म्हणजे नात्याने नव्हेत, पण त्याहून जवळचे. पोस्टडॉक संपवून आम्ही न्यू जर्सीत नोकरीला आलो तेव्हा पहिले अपार्टमेंट त्यांनी शोधून दिले, आणि पहिला पगार व्हायचा होता म्हणून डिपॉझिटचा चेकही त्यांनीच लिहिला. अशा माणसाला नाही म्हणणे जड जाते. आम्ही म्हटले, "काका, वाचून करतो." ते म्हणाले, "वाचायचंय काय त्यात? घरांच्या किमती पडतील, एवढं कळलं की पुरे." आवाज दुखावलेला होता.

आम्ही खरेच वाचले. आधी तो कागद, मग गावाच्या क्लार्कच्या कचेरीतून आणलेला मूळ ऑर्डिनन्स. हा लेख त्या वाचनातून झाला. यातले 'आम्ही' म्हणजे आमचे घर. मंडळाची कार्यकारिणी नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर पुढच्या सर्वसाधारण सभेत चहाआधी हाच विषय निघेल.

आमचे मत सरळ सांगतो. ज्यांना आपल्या अंगणातल्या पाण्याची, रस्त्याची, शाळेच्या बसची काळजी आहे त्यांनी जरूर सुनावणीला जावे आणि बोलावे. पण 'अपार्टमेंट नकोतच' अशा कागदावर आपल्या मंडळातल्या माणसाने सही करणे आम्हाला पटत नाही. आम्ही केली नाही.

हे झोनिंगचे बदल एकदम का उगवले, असे पुष्कळजण विचारतात. ते उगवलेले नाहीत, पन्नास वर्षांहून जुने आहेत. आपल्या राज्याच्या दक्षिण भागात, बर्लिंग्टन काउंटीत, माउंट लॉरेल नावाचे गाव आहे. तिथे एथेल लॉरेन्स नावाची एक कृष्णवर्णीय शिक्षिका राहत असे. तिचे घराणे त्या गावात पिढ्यान् पिढ्यांचे. १९७० च्या सुमारास तिने आणि तिच्या शेजाऱ्यांनी ३६ साध्या अपार्टमेंटची एक वाडी बांधू द्या, अशी मागणी केली, कारण मुलाबाळांना गावात घर परवडेना. गावाच्या झोनिंगमध्ये अशी घरे बसतच नव्हती. ज्यांना इथे राहणे परवडत नाही त्यांनी गाव सोडावे, असे उत्तर तिला महापौरांकडून मिळाले. प्रकरण कोर्टात गेले. १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कोणत्याही वाढत्या गावाला झोनिंगचा उपयोग करून गरिबांना वेशीबाहेर ठेवता येणार नाही. गावांनी टाळाटाळ केली म्हणून १९८३ साली दुसरा निकाल, १९८५ साली कायदा, त्या कायद्याने नेमलेले मंडळ ठप्प झाले म्हणून २०१५ साली पुन्हा कोर्ट, आणि मार्च २०२४ मध्ये नवा कायदा. आता २०२५ ते २०३५ या दहा वर्षांत कोणत्या गावाने किती परवडणाऱ्या घरांना वाव द्यायचा याचा हिशेब राज्याने मांडून दिला. सगळ्या राज्याचा मिळून आकडा ८५ हजार घरांच्या जवळपास जातो. गावांनी आपले आराखडे ३० जून २०२५ पर्यंत द्यायचे आणि झोनिंगचे ठराव १५ मार्च २०२६ पर्यंत करायचे, असे कायद्यात घातले. त्या तारखा उलटल्या तरी विषय संपत नाही. प्रत्येक जागेचा नकाशा नंतर वेगळा प्लॅनिंग बोर्डापुढे येतो, तेव्हा ही सुनावण्यांची माळ वर्षानुवर्षे चालणार आहे.

थोडे आणखी मागे जाऊ. 'इथे फक्त एकेका कुटुंबाची सुटी घरे' असे नकाशावर रंगवून ठेवण्याला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली ती १९२६ साली, ओहायोतल्या युक्लिड या गावाच्या खटल्यात. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी. सुट्या घरांच्या वस्तीत अपार्टमेंटची इमारत म्हणजे बहुधा बांडगूळच, अशा अर्थाचे त्यांचे मत त्यात आहे. नाव ओळखीचे वाटले म्हणून आम्ही शोधले. हेच ते सदरलँड. त्यांनीच तीन वर्षे आधी, १९२३ साली, भगतसिंग थिंड यांच्या खटल्याचा निकाल लिहिला होता. पंजाबातून आलेला, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात नोकरी केलेला माणूस. पण सामान्य समजुतीप्रमाणे तो गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. त्या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या हिंदी माणसांचेही कागद काढून घेतले गेले. आपल्यासाठी तो दरवाजा कायद्याने उघडला १९४६ साली. दोन्ही निकालांत कायदेशीर दुवा आहे असे आमचे म्हणणे नाही. पण एकाच लेखणीने एकदा आपल्याला आणि एकदा भाडेकरूला 'हे इथले नव्हेत' म्हटले, ही गोष्ट क्लिपबोर्डावर सही करताना आठवली तर बरे.

आता स्वतःचे सांगतो. दोन वर्षांपूर्वी बाबा कायमचे आमच्याकडे आले. गुडघ्यांमुळे जिना चढवेना, म्हणून गराजच्या मागे तळमजल्यावर एक खोली आणि न्हाणीघर बांधायचे ठरवले. आमच्या भागात बाजूच्या हद्दीपासून पंधरा फूट जागा सोडावी लागते. आमची भरत होती अकरा. म्हणजे व्हेरिअन्स मागणे आले. दोनशे फुटांच्या आतल्या प्रत्येक घरमालकाला रजिस्टर पत्र पाठवावे लागले. त्या पत्रांच्या पोचपावतीची कार्डेही हिरवीच असतात, त्यामुळे घरात दुसऱ्यांदा ग्रीन कार्डांची वाट पाहण्याचा योग आला.

सुनावणीला आमच्या रस्त्यावरचे चौघे विरोधात बोलायला उठले. रोज हात हलवून गुड मॉर्निंग म्हणणारी माणसे. किती गाड्या उभ्या राहतील? पुढे भाड्याने तर देणार नाहीत ना? आणखी किती नातेवाईक यायचे आहेत? गावाचे रूप बदलेल त्याचे काय? बाबा आमच्या शेजारी कोट घालून बसले होते. त्यांना इंग्रजी समजते. गाडीत बसल्यावर एवढेच म्हणाले, "माझ्यासाठी कशाला एवढं?" परवानगी मिळाली, पण खोलीत शेगडी ठेवायची नाही या अटीवर, कारण शेगडी आली की ते 'दुसरे घर' होते. बाबांना पहाटे चारला चहा लागतो. तेव्हापासून ते इलेक्ट्रिक किटलीत डिपडिप चहा करून पितात आणि त्याला चहा म्हणत नाहीत.

ज्या कागदावर आम्ही सही केली नाही, त्यावर गावाचे रूप, गाड्या, भाडेकरू, हेच तीन शब्द होते.

या शब्दांचा आपल्या राज्यातला इतिहास फार चांगला नाही. बर्नर्ड्स टाउनशिपमध्ये एका मशिदीच्या अर्जावर ३९ सुनावण्या झाल्या, वाद मुख्यतः पार्किंगचा आणि पाण्याच्या निचऱ्याचा. शेवटी नकार दिला, प्रकरण फेडरल कोर्टात गेले, आणि २०१७ साली टाउनशिपने ३२ लाख ५० हजार डॉलर्सवर तडजोड केली. ब्रिजवॉटरमध्ये मशिदीचा अर्ज आल्यावर झोनिंगच बदलले; तिथली तडजोड २०१४ साली ७७ लाख ५० हजारांवर गेली. मशिदीचे आपल्याला काय, असे कुणी म्हणेल. एडिसनमध्ये १९९० च्या दशकात नवरात्रीच्या गरब्यावर वेळेची बंधने घातली होती. तेव्हा कोर्टात आपले गुजराती शेजारी होते. आणि आपला गणपती दर वर्षी हायस्कूल भाड्याने घेऊन का बसतो, स्वतःच्या जागेचा विषय निघाला की कार्यकारिणीतली जुनी मंडळी गप्प का होतात, हेही एकदा विचारून पाहावे.

काकांचा पहिला मुद्दा किमतींचा. आम्ही पडलो केमिस्ट. कुणी म्हणाले 'अमुक केल्याने तमुक होते' तर आम्ही विचारतो, कशाच्या तुलनेत? सुदैवाने हा प्रयोग होऊन गेला आहे. त्याच माउंट लॉरेल गावात २००० साली अखेर ती घरे उभी राहिली. एथेल लॉरेन्स तेव्हा हयात नव्हती, १९९४ साली गेली. १४० घरांच्या त्या वसाहतीला तिचे नाव दिले. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास करून २०१३ साली पुस्तक काढले. शेजारच्या तशाच गावांशी तुलना करून त्यांनी पाहिले, की या घरांमुळे आसपासच्या किमती, कर किंवा गुन्हे यांवर काही परिणाम झाला का. झाला नव्हता. जवळ राहणाऱ्या अनेकांना तर अशी वसाहत तिथे आहे हेच ठाऊक नव्हते. एका गावचा अभ्यास सगळीकडे जसाच्या तसा लागू पडतो असे कुणी शहाणा म्हणणार नाही, पण क्लिपबोर्डापेक्षा तो भक्कम आहे.

शाळेचा मुद्दा गावोगाव वेगळा. काही गावांत वर्ग भरलेले आहेत, काहींत मुले कमी होत आहेत. शाळा मंडळाकडे वर्गवार आकडे असतात. ते मागा, ऐकीव सांगू नका. घरपट्टीबद्दल आम्ही कुणाला शिकवायला नको. २०२४ साली राज्याची सरासरी पहिल्यांदाच १० हजार डॉलर्सच्या वर गेली, आणि निवृत्त माणसाच्या पोटात गोळा येतो तो खराच. मात्र रिकामे ऑफिस पार्क अपील करून आपला कर कमी करून घेते, आणि तो बोजा आपल्याच घरांवर येतो, हेही त्या हिशेबात धरावे. आमच्या धंद्यातल्या किती कंपन्यांनी या राज्यातली मोठमोठी आवारे सोडली ते आम्ही पाहिले आहे. नटलीचे रोशचे आवार, जिथे लिओ स्टर्नबाखने व्हॅलियम शोधले, ते २०१३ साली बंद झाले. पुढे तिथे वैद्यकीय महाविद्यालय आले, तेही जमिनीचा वापर नव्याने ठरवल्यावरच.

पाण्याचा मुद्दा मात्र काकांचा बरोबर आहे, आणि तो त्या कागदावर सगळ्यात शेवटी एका ओळीत होता. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस झाला तेव्हा काकांच्या बेसमेंटमध्ये चार फूट पाणी होते. काकूंच्या लग्नातला शालू आणि तीस वर्षांचे अल्बम गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही बादल्या घेऊन गेलो होतो. त्यांच्या मागच्या कुंपणापलीकडे उतारावर हेच ऑफिस पार्क आहे, आणि त्याचे एकरभर डांबरी पार्किंग आजच्या नियमांच्या आधीचे. पाऊस पडला की पाणी मुरायला जागा नाही, ते सरळ खाली येते. राज्याचे पुराचे आणि सांडपावसाच्या पाण्याचे नियम २०२१ आणि २०२३ साली कडक झाले. नव्या बांधकामाला पुढच्या काळातला वाढीव पाऊस धरून गणित करावे लागते. म्हणजे नीट भांडले तर काकांच्या बेसमेंटसाठी नवी वसाहत जुन्या डांबरापेक्षा बरी ठरू शकते. नीट म्हणजे काय, तर पाणी कुठल्या नाल्यात सोडणार, तळे केवढे, दहा वर्षांनी ते गाळाने भरले तर कोण उपसणार, हे प्रश्न बिल्डरच्या इंजिनिअरला बोर्डापुढे शपथेवर विचारायचे. 'अपार्टमेंट नकोत' म्हणून यातले काहीच मिळत नाही.

आणि त्या घरांत राहणार कोण? 'परवडणारी घरे' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते ते उघड बोलायची गरज नाही. अशा योजनेत साधारण पाचातले एक घर राखीव असते, बाकीची चार बाजारभावाने विकली किंवा भाड्याने दिली जातात. ती चार घेणारे पुष्कळसे आपल्यासारखेच असतात. राखीव घराचेही ऐका. मध्य न्यू जर्सीत वर्षाला एक लाख डॉलर मिळवणारे चौघांचे कुटुंब 'मध्यम उत्पन्न' गटात बसते. एनआयएचने २०२४ साली नव्या पोस्टडॉकला ६१ हजार ८ डॉलर्स ठरवले होते. तो एकटा असेल तर तोही बसतो. म्हणजे काही वर्षांपूर्वीचे आम्ही. काकूंच्या ऑपरेशननंतर त्यांना आंघोळ घालायला येणारी बाईही त्यातच येईल. ती रोज दोन बस बदलून येते, आणि बर्फ पडला की येत नाही. मग काकू आम्हाला फोन करतात.

मुंबईच्या लोकलने प्रवास केलेल्यांना हे नवीन नाही. फलाटावर असताना आपण ओरडतो, "पुढे सरका, आत जागा आहे." एक पाय आत पडला की दार अडवून सांगतो, "मागच्या गाडीने या."

दुकाने आणि घरगुती धंद्यांबद्दल थोडक्यात. झोनिंगचे ठराव उघडलेलेच असतात तेव्हा त्यांकडे आपल्या नजरेने पाहण्याची हीच वेळ आहे. ओक ट्री रोडवर आज गाडी लावायला जागा मिळत नाही, पण आपली दुकाने येण्याआधी तिथले गाळे ओस पडत चालले होते, हे जुनी मंडळी सांगतील. दुकानांवर राहती घरे असू द्यावीत का, पार्किंगचा नियम किती ताणायचा, यावर दुकानदार मंडळींनी बोलले पाहिजे. तसेच घरातले. ऑक्टोबर २०२१ पासून राज्याचा परवाना काढून घरी भाजलेले पदार्थ वर्षाला ५० हजार डॉलर्सपर्यंत विकता येतात. नानकटाई चालते, पोळीभाजीचा डबा चालत नाही. पण राज्याचा परवाना असला तरी गावाचे झोनिंग वेगळे. बेसमेंटमधला तबल्याचा क्लास, शिकवणी, भरतनाट्यम, सगळे त्यात येते. किती विद्यार्थी, किती गाड्या, पाटी लावायची की नाही, हे तुमच्या गावाच्या ठरावात काय आहे ते एकदा पाहून ठेवा. आणि वडीलधाऱ्यांच्या खोलीत शेगडी ठेवू देण्याचा मुद्दा आम्ही मांडणार आहोत. प्रिन्स्टनने २०२० सालीच अशा छोट्या जोडघरांना वाट करून दिली.

सह्यांचे आता. राज्याच्या कायद्यात झोनिंगच्या बदलाविरुद्ध लेखी हरकतीची तरतूद आहे. बदलाच्या जागेतल्या, किंवा तिच्या सभोवतीच्या दोनशे फुटांतल्या, वीस टक्के जमिनीच्या मालकांनी सही केली तर गावाच्या कौन्सिलला साध्या बहुमताऐवजी दोन-तृतीयांश मते लागतात. बाकी सह्यांना त्या तरतुदीत वजन नाही. महाप्रसादाच्या रांगेत जमलेल्या सह्यांपैकी दोनशे फुटांच्या आतली, आमच्या माहितीप्रमाणे, एकच होती, काकांची. आमची नसती. साताऱ्याच्या आजोबांची तर नाहीच.

दिवाळीत काका-काकू फराळाला आले तेव्हा हे सगळे आम्ही त्यांना सांगितले. निचऱ्याचा नकाशा टेबलावर पसरला, चिवड्याच्या वाट्या चार कोपऱ्यांवर ठेवून. काकांनी चष्मा बदलून तो बराच वेळ पाहिला. आपले कुंपण कुठे आहे ते बोटाने दाखवले. म्हणाले, "पाण्याचं पटलं. बाकीचं नाही पटलं." दुसरा कप चहा झाल्यावर म्हणाले, "तुमच्या बाबांच्या वेळी मला का नाही बोलावलंत सुनावणीला? मी बोललो असतो." याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

ऑफिस पार्कच्या नकाशाची सुनावणी येत्या मंगळवारी संध्याकाळी साडेसातला आहे. काका आता रात्री गाडी चालवत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना घ्यायला जाणार आहोत. ते विरोधात बोलतील, आम्ही बाजूने, आणि पाण्याचे प्रश्न आम्ही मिळून लिहून काढले आहेत. बाबाही येतो म्हणतात. मागच्या सीटवर दोन जागा रिकाम्या आहेत. कुणाला यायचे असेल तर रविवारी मराठी शाळा सुटल्यावर पार्किंगमध्ये भेटावे.